कलावंत-निवास

चित्रकार, शिल्पकार, वास्तुविशारद, संगीतरचनाकार, लेखक आदी कलावंतांना काही काळापुरती राहण्यास व काम करण्यास जागा देणारी आणि त्या अवधीत त्यांना उदरनिर्वाहाच्या चिंतेतून शक्य तितके मुक्त ठेवणारी संस्था म्हणजे कलावंत-निवास होय. कलाशाळेहून हा प्रकार वेगळा आहे. कलाशाळेत शिक्षण दिले जाते व परीक्षा घेतली जाते. कलावंत-निवासात मुख्यतः वेळ आणि जागा दिली जाते. राजाश्रयाहूनही तो भिन्न आहे; कारण राजाश्रयात आश्रयदात्याने सांगितलेली कलाकृती घडवून देणे अभिप्रेत असते, तर निवासात काय घडवावे हे ठरविण्याचा अधिकार निदान तत्त्वतः तरी कलावंताकडे राहतो. अशा संस्थेचे स्वरूप आणि आयुष्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : ज्या वास्तूत ती नांदते ती कोणाच्या मालकीची आहे, आणि त्या मालकाची कलावंताकडून काय अपेक्षा आहे. रोम येथील व्हिला मेदीची, मुंबईतील भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यातील संस्था, चेन्नईजवळील चोलमंडल आणि नवी मुंबईतील आर्टिस्ट व्हिलेज ही या दृष्टीने चार उद्‌बोधक उदाहरणे होत.

व्हिला मेदीची : रोममधील पिंचो टेकडीवर, रोमन सेनानी लुकुलस याच्या प्राचीन उद्यानांच्या जागी, ही प्रबोधनकालीन वास्तू उभी आहे. १५६४ मध्ये कार्डिनल रिच्ची याच्या कुटुंबीयांनी तेथील द्राक्षमळा विकत घेऊन घर बांधण्यास प्रारंभ केला. १५७६ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदीची घराण्यातील कार्डिनल फेर्दिनांदो याने ती मालमत्ता घेतली व वास्तुविशारद आम्मानाती याच्याकरवी तिचा विस्तार केला. शहराकडील दर्शनी भाग दुर्गासारखा उंच व निरलंकृत आहे. उद्यानाकडील बाजू मात्र प्राचीन रोमन उत्थित शिल्पांनी खचून भरलेली आहे. फेर्दिनांदो हा जुन्या मूर्तींचा मोठा संग्राहक होता. १५८७ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक झाल्यावर तो फ्लॉरेन्सला परतला आणि पुढे अठराव्या शतकात येथील मौल्यवान मूर्तीही तिकडे हलविण्यात आल्या. १६३० मध्ये स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझ (१५९९–१६६०) याने या वास्तूत मुक्काम केला होता. येथील उद्यानाची त्याने रंगविलेली दोन लहान दृश्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. १६३३ मधील धार्मिक न्यायालयाच्या निर्णयानंतर गॅलिलीओलाही प्रथम काही दिवस येथेच ठेवण्यात आले होते.

फ्रेंच अकादमी व ‘प्री द रोम’ : या वास्तूचे कलावंत-निवासात रूपांतर झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, परंतु ती संस्था त्याहून जुनी आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कॉलबेअर (१६१९–८३) याने १६६६ मध्ये रोम येथे फ्रेंच अकादमी स्थापन केली. तरुण फ्रेंच कलावंतांनी प्राचीन व प्रबोधनकालीन कलाकृतींचा जागेवर जाऊन अभ्यास करावा व राजवाड्यांसाठी त्यांच्या प्रतिकृती तयार कराव्यात, हा तिचा हेतू होता. अर्थात आरंभी ती राजाश्रयाचीच एक शाखा होती. प्रवेशासाठी ‘प्री द रोम’ ही स्पर्धा असे. स्पर्धेच्या अंतिम फेरीत उमेदवारांना स्वतंत्र खोल्यांत बंदिस्त ठेवून एकच विषय दिला जाई. विजेत्यांना सरकारी खर्चाने काही वर्षे रोममध्ये राहता येई. त्या बदल्यात त्यांना आपली कृती दरवर्षी पॅरिसला परीक्षणार्थ पाठवावी लागे.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात या संस्थेवर दुहेरी आघात झाला. जानेवारी १७९३ मध्ये रोममधील क्रांतिविरोधी जमावाने पालात्सो मांचीनी या तिच्या तत्कालीन वास्तूवर हल्ला केला, तर पॅरिसमध्ये तिचाच एके काळचा निवासी चित्रकार दाव्हीद (१७४८–१८२५) याने जुन्या अकादम्यांविरुद्ध मोहीम चालविली. त्यानंतर १८०३ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत मांचीनी वास्तूच्या मोबदल्यात व्हिला मेदीची मिळविण्यात आली आणि अकादमी तेथे स्थिरावली. त्याच वर्षी स्पर्धेत संगीताचा समावेश झाला.

यश आणि असंतोष : चित्रकार अँग्र (१७८०–१८६७) हा प्रथम निवासी म्हणून व पुढे १८३५–४१ या काळात संचालक म्हणून येथे राहिला. संगीतकारांपैकी बेर्लिओझ, गूनो, बीझे व देब्यूसी, वास्तुविशारदांपैकी पॅरिसच्या ऑपेरागृहाचा निर्माता शार्ल गार्न्ये आणि औद्योगिक नगराचा आराखडा मांडणारा तॉनी गार्न्ये हेही येथील निवासी होते. तथापि या नामावलीवरून संस्था व कलावंत यांच्यात सदैव सलोखा होता, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. अँग्रने रोमहून पाठविलेल्या चित्रांवर पॅरिसच्या परीक्षकांनी टीका केली. बेर्लिओझ नियत काळ पूर्ण होण्यापूर्वीच परतला. देब्यूसीने किमान मुदत कशीबशी पुरी केली व १८८७ मध्ये तो निघून गेला. त्याने पाठविलेल्या रचनेत रूपाची स्पष्टता नाही, असा शेरा त्याला मिळाला होता. राव्हेल (१८७५–१९३७) याला तर अनेक प्रयत्नांनंतरही प्रथम पारितोषिक मिळाले नाही. १९०५ मध्ये तो प्राथमिक फेरीतच वगळला गेला, तेव्हा उसळलेल्या वादाची परिणती पॅरिसच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख बदलण्यात झाली. स्त्रियांना १९०३ पर्यंत स्पर्धेत प्रवेशच नव्हता. १९११ मध्ये शिल्पकार ल्यूसिएन हव्हलमान्स व १९१३ मध्ये संगीतरचनाकार लिली बूलांझे (१८९३–१९१८) यांनी प्रथम हा सन्मान मिळविला.

ज्या संस्थेच्या हाती छप्पर असते तिच्या हाती अभिरुचीचे नियंत्रणही येते, हा व्हिला मेदीचीच्या इतिहासातील मुख्य धडा होय. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर सांस्कृतिक मंत्री मालरो यांच्या कारकीर्दीत ‘प्री द रोम’ स्पर्धा रद्द करण्यात आली. त्यानंतर अर्जांच्या आधारे निवड होऊ लागली व लेखक, चित्रपटकार, छायाचित्रकार, कलेतिहासकार आणि जुन्या कलाकृतींचे जतन करणारे तज्ज्ञ यांनाही दारे खुली झाली. प्रतिकृती करण्याची वा ठराविक काम पाठविण्याची सक्ती उरली नाही. १९६१–७७ या काळातील संचालक, चित्रकार बाल्त्यूस (१९०८–२००१) यांनी वास्तूचा व उद्यानाचा साक्षेपाने जीर्णोद्धार केला. राजसत्ता, प्रजासत्ताक व साम्राज्य अशी अनेक स्थित्यंतरे होऊनही ही संस्था टिकली, याचे कारण वास्तूवरील राज्याची मालकी अबाधित राहिली हे होय.

प्रसार : रोमच्या नमुन्यावर इतर राष्ट्रांनीही तेथे संस्था काढल्या. अमेरिकन अकादमी (१८९४), ब्रिटिश स्कूल (१९०१) आणि जर्मनीची व्हिला मासीमो (१९१०) या त्यांपैकी प्रमुख होत. फ्लॉरेन्समधील व्हिला रोमाना (१९०५) ही राज्याच्या नव्हे, तर कलावंत व कलाप्रेमी यांच्या पुढाकाराने निघाली. अमेरिकेत मॅकडॉवेल (१९०७) व यॅडो (१९२६ पासून) या वसाहती खाजगी इस्टेटींवर उभ्या राहिल्या. मालकांनी आपली राहती जागा विश्वस्त निधीच्या स्वाधीन केल्यामुळे त्या संस्थापकांच्या मृत्यूनंतरही चालू राहिल्या. घर देणे आणि घर विश्वस्तांच्या नावे करून देणे या दोहोंतील फरक पुढील मुंबईच्या उदाहरणात प्रकर्षाने जाणवतो.

भारतातील पार्श्वभूमी : भारतात कलावंतांना आश्रय देण्याची परंपरा मंदिरे व दरबार यांच्याशी निगडित होती. महाराष्ट्रात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी अनेक चित्रकारांना उत्तेजन दिले व १९३८ मध्ये औंध येथे संग्रहालय उभारले. बंगालमध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात १९१९ पासून गुरू व शिष्य एकाच परिसरात राहून काम करीत. मुंबईची परिस्थिती याहून निराळी होती. येथे सर ज. जी. कलाशाळा (१८५७), बाँबे आर्ट सोसायटी (१८८८) व जहांगीर कलावीथी (१९५२) यांमुळे शिक्षणाची व प्रदर्शनाची सोय झाली. परंतु पदविका मिळविलेल्या तरुण चित्रकाराने प्रत्यक्ष चित्र कोठे काढावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत सारे कुटुंब राहत असता मोठा चित्रफलक उभा करणे अशक्यप्राय होते. मग तेथे शिल्पाचा दगड वा नाटकाची तालीम यांचा विचार करावयासच नको.

भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट : ही उणीव काही काळ भरून काढली ती मुंबईच्या ब्रीच कँडी भागातील समुद्रकाठच्या एका बंगल्याने. विख्यात कायदेपंडित भुलाभाई देसाई (१८७७–१९४६) यांचे हे निवासस्थान. १९३४ नंतर मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी काँग्रेस पक्षाचे नेतृत्व केले होते आणि १९४५ मध्ये लाल किल्ल्यातील खटल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांचा बचाव केला होता. त्यांच्या पश्चात पुत्र धीरूभाई व स्नुषा मधुरीबेन यांच्या कुटुंबाने या बंगल्यात त्यांच्या स्मरणार्थ संस्था सुरू केली. सोली बाटलीवाला यांनी तिचे दैनंदिन कामकाज पाहिले. बंगल्यातील खोल्या व आवारातील जागा चित्रकारांना नाममात्र भाड्याने देण्यात आल्या. तालमी, प्रयोग व मैफली यांसाठीही तेथे जागा मिळू लागली.

सिनेमाचे फलक रंगवून उमेदवारी केलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११), गिरगावातील चाळीत राहिलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१), प्रफुल्ला डहाणूकर (१९३४–२०१४), दशरथ पटेल (१९२७–२०१०) आणि लंडनहून शिकून आलेल्या नसरीन मोहम्मदी (१९३७–९०) यांनी येथे काम केले. बाळ छाबडा यांनी १९५९ मध्ये याच आवारात ‘गॅलरी ५९’ हे प्रदर्शनदालन काढले. नसरीन यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६१ मध्ये तेथेच भरले. गायतोंडे यांच्या आकृतिविरहित चित्रांतील नीरव अवकाश आणि नसरीन यांची पुढील काळातील रेषांची कठोर शिस्त यांत काही नाते दिसते. त्या नात्याचा आरंभ या शेजारात झाला.

चित्रकारांच्या खोल्यांपलीकडेच नाटकाच्या तालमी चालत, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होते. इब्राहिम अल्काझी (१९२५–२०२०) यांचे नाट्यकार्य येथे बहरले. १९६२ मध्ये ते राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक म्हणून दिल्लीस गेल्यावर सत्यदेव दुबे यांनी त्यांच्या ‘थिएटर युनिट’ची धुरा सांभाळली. विजया मेहता व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये स्थापन केलेल्या ‘रंगायन’लाही या वास्तूत आसरा मिळाला. मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या जडणघडणीत या गोष्टीचे महत्त्व मोठे आहे. कारण तिकिटविक्रीवर न विसंबता मोजक्या प्रेक्षकांपुढे नवे नाटक करून पाहण्याची सवय अशाच जागांतून लागली. १९६२ मध्ये रविशंकर (१९२०–२०१२) यांनी ‘किन्नर’ ही संगीतशाळा मुंबईत काढली, तिचे वर्गही येथे भरत. रोमप्रमाणे येथे स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते व वार्षिक अहवालही नव्हता. निवडीचा निकष बहुधा परिचय व विश्वास हाच होता. त्यामुळे मोकळेपणा आला. मात्र ओळखीपाळखीच्या वर्तुळाबाहेरील कलावंतास येथे प्रवेश मिळणे तितके सुलभ नव्हते, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

या व्यवस्थेचे बळ एका कुटुंबाच्या औदार्यात होते आणि तिची दुर्बलताही त्यातच होती. मुंबईच्या समुद्रकाठच्या जमिनीची किंमत वाढत गेली, संस्था बंद पडली, बंगला पाडण्यात आला आणि त्या जागी ‘आकाशगंगा’ ही उत्तुंग निवासी इमारत उभी राहिली. समोरील वॉर्डन रस्त्याला भुलाभाई देसाई मार्ग हे नाव लाभले, परंतु संस्थेची खूण सांगणारी वास्तू उरली नाही. चित्रकार पांगले. प्रायोगिक नाटकवाल्यांनी १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नवे बिऱ्हाड थाटले. तेही कायमचे ठरले नाही. मुंबईतील प्रायोगिक कलेचा इतिहास हा बऱ्याच अंशी उसन्या जागांचा इतिहास आहे.

चोलमंडल : परक्या छपराची ही अनिश्चितता ओळखून मद्रास (चेन्नई) येथील चित्रकार के. सी. एस. पणिक्कर (१९११–७७) व त्यांचे विद्यार्थी यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. बाटिकसारख्या हस्तकलांच्या विक्रीतून मिळालेल्या पैशांतून त्यांनी शहराबाहेर समुद्रकिनाऱ्यालगत सुमारे दहा एकर जमीन घेतली व १९६६ मध्ये चोलमंडल हे कलाग्राम वसविले. येथे आश्रयदाताही कलावंतच आणि आश्रितही कलावंतच होते. तात्पुरत्या मुक्कामापेक्षा कायमच्या वस्तीचे हे रूप असले, तरी पाहुण्या कलावंतांनाही तेथे सामावून घेण्यात आले. जमीन स्वस्त असतानाच ती सामूहिक प्रयत्नाने मिळविल्यामुळे ही वसाहत टिकून राहिली. दिल्लीत ललित कला अकादमीने १९७६ मध्ये गढी येथील जुन्या वास्तूत सामायिक कर्मशाळा सुरू केल्या. तेथे राज्याच्या मालकीचा रोमन नमुना भारतीय परिस्थितीत उतरला, असे म्हणता येईल.

आर्टिस्ट व्हिलेज, नवी मुंबई : मुंबईतील जागेच्या टंचाईवर उपाय म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५), प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडली. त्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको) स्थापन केले. बेलापूर येथे पारसिक टेकड्यांच्या पायथ्याशी कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९८३–८६ या काळात जी वसाहत बांधण्यात आली, ती आर्टिस्ट व्हिलेज या नावाने ओळखली जाते. सु. ६ हेक्टर जमिनीवर सु. ५५० कुटुंबांची सोय करावयाची, परंतु उंच इमारती उभारावयाच्या नाहीत, असा हा प्रयोग होता. सात-सात घरे एका लहान चौकाभोवती मांडलेली, असे तीन समूह मिळून त्याहून मोठा चौक, आणि अशा मोठ्या चौकांची ओळ वसाहतीतून वाहणाऱ्या ओढ्यालगतच्या मोकळ्या जागेपर्यंत नेलेली, अशी तिची रचना आहे. प्रत्येक घराला स्वतःचा भूखंड व वर उघडे आकाश आहे. शेजाऱ्याशी भिंत सामायिक नसल्याने कुटुंबाच्या गरजेनुसार घर वाढविता येते. भूखंडांचे आकारमान सु. ४५ ते ७५ चौ. मी. इतके ठेवून निरनिराळ्या उत्पन्नगटांना जवळजवळ समान वागणूक देण्यात आली. विटा, लाकूड, कौले आणि स्थानिक गवंड्यांचे कौशल्य यांवर बांधकामाचा भर होता.

या वसाहतीत कलावंतांनी राहावे व अंगणे, चौक हीच त्यांची कामाची जागा व्हावी, ही अपेक्षा तिच्या नावातून व्यक्त होते. परंतु येथे घर हे निश्चित मुदतीसाठी नव्हे, तर मालकीहक्काच्या स्वरूपात मिळाले. मालकी आली की विक्रीचा हक्कही ओघानेच येतो. नवी मुंबईतील जमिनीच्या किमती चढत गेल्या, तशी अनेक घरे हस्तांतरित झाली. पुष्कळ ठिकाणी उतरत्या कौलारू छपरांच्या जागी बहुमजली काँक्रीटची बांधकामे आली. घर वाढत जावे हे मूळ योजनेतच गृहीत होते, म्हणून या बदलास सर्वस्वी विकृती म्हणता येणार नाही. तथापि नवा येणारा रहिवासी कलावंत असावा, असे बंधन घालणारी कोणतीही यंत्रणा या रचनेत नव्हती. वास्तुकलेच्या अभ्यासकांना ही वसाहत आजही महत्त्वाची वाटते. कलावंतांचे गाव ही तिची ओळख मात्र बरीचशी नावापुरती उरली आहे.

नव्या शहराची ही जमीन रिकामी नव्हती, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. ठाणे व तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील आगरी, कोळी व अन्य शेतकऱ्यांची शेते, मिठागरे आणि मासेमारीची ठिकाणे त्यासाठी संपादित करण्यात आली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. बेलापूरचे चौक आकार घेत होते तो हाच काळ. कलावंताला देऊ केलेल्या छपराची किंमत कोणीतरी अगोदर मोजलेली असते, याचे हे नजीकचे उदाहरण होय.

मूल्यमापन : वरील चारही प्रकार परस्परांच्या उणिवा दाखवितात. राज्याच्या वास्तूत स्थैर्य असते, पण मान्यतेच्या चाकोरीचा धोका असतो. ती चाकोरी मोडण्यास व्हिला मेदीचीला दीडशेहून अधिक वर्षे लागली. खाजगी बंगल्यात मोकळेपणा असतो, पण तो मालकाच्या इच्छेइतकाच टिकतो. वैयक्तिक मालकीच्या घरात सुरक्षितता असते, पण पुढच्या पिढीतील कलावंतासाठी तेथे जागा राखली जात नाही. कलावंतांच्या सामूहिक मालकीने स्थैर्य व स्वातंत्र्य यांची सांगड घालता येते. मात्र त्यासाठी जमीन आवाक्यात असताना दूरदृष्टी दाखवावी लागते. मुंबई व नवी मुंबईत ती वेळ बहुतांशी निघून गेली आहे. म्हणून या प्रदेशात कलावंत-निवासाचा प्रश्न प्रतिभेचा अथवा केवळ अनुदानाचा नसून मुख्यतः जागेचा आहे. विक्रीयोग्य नसलेली, कोणा एकाच्या नावे नसलेली आणि ठराविक मुदतीनंतर नव्या कलावंतासाठी रिकामी होणारी वास्तू उपलब्ध करून देणे, हाच त्यावरील व्यवहार्य उपाय ठरतो. ब्रीच कँडीच्या त्या बंगल्यातील खोल्या मोठ्या नव्हत्या, तेथील सोयीही साध्याच होत्या. तरीही मराठी रंगभूमीवर व आधुनिक भारतीय चित्रकलेवर त्यांचा ठसा उमटला. एवढ्या अल्प साधनांनी एवढे कार्य साधले गेले, ही गोष्ट अशा संस्थांची उपयुक्तता पटवून देण्यास पुरेशी आहे.